आईचं मॅग्नेशियम सारखं कमी येतंय, ॲसिडिटीची गोळी सोडलेल्या कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगाव तालुक्यातले. आई ६३ वर्षांची, गेली सहा वर्षं रोज सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल ४० घेते. डॉक्टरांनी खरं तर दीडच महिना सांगितलेली, पण बंद केली की छातीत जळजळ, मग परत मेडिकलमधनं आणायची आणि चालू. घरात आमच्यापैकी कुणीच लक्ष दिलं नाही, त्याचं फार वाईट वाटतंय आता.

दिवाळीपासून तिला रात्री पोटऱ्यात गोळे यायला लागले, इतके की भिंतीला धरून उभी राहायची, शिवाय बोटांना मुंग्या. एका ठिकाणी कॅल्शियम कमी आलं म्हणून गोळ्या दिल्या, दोन महिने खाल्ल्या, काही फरक नाही. शेवटी मिरजेला दाखवलं तर तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा मॅग्नेशियम तपासलं, ते १.१ (१.७ च्या वर पाहिजे), पोटॅशियम पण कमी. त्या म्हणाल्या ही ॲसिडिटीची गोळी वर्षाच्या वर चालली की काही जणांच्या आतड्यात मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही, आणि ते पडलं की कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली ग्रंथी मंदावते, पोटॅशियम लघवीतनं जात राहतं, म्हणून नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही. पोटाच्या औषधाचा पायात गोळे येण्याशी संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सलाईनमधनं दिल्यावर १.८ झालं, आई पहिल्यांदा रात्रभर झोपली. पण घरी मॅग्नेशियमच्या गोळ्या चालू केल्या तर जुलाब, आणि जुलाबात परत सगळं वाहून जातंय. पंधरा दिवसांत १.४.

आता मॅडम पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करून फॅमोटिडीन (ॲसिडिटीचीच दुसऱ्या प्रकारची गोळी) देऊ म्हणतायत, आई घाबरायलीय. ज्यांनी सोडली त्यांना मधली जळजळ किती दिवस राहिली? मॅग्नेशियमची गोळी जेवणाबरोबर थोडी थोडी विभागून घेतली तर पोट धरतं का? हिमोग्लोबिन पण ९ आहे, लोह शोषायला पोटात आम्ल लागतं म्हणे आणि ही गोळी तेच कमी करते, म्हणून लोह नीट शोषलं जावं यासाठी जेवणावर लगेच प्यायचा चहा मी बंद केलाय आणि भाजीवर लिंबू पिळायलोय, अजून काय करता येईल?

मंगळवारी परत रक्त द्यायचंय, त्याच्याआधी कुणी सांगितलं तर मॅडमना नीट विचारता येईल.