पांढऱ्या कार्डावर जनआरोग्य योजना मिळते का?

प्रश्न: बाबांना अँजिओप्लास्टी सांगितलीय. मी टेम्पो चालवतो, महिन्याला १६ हजार हातात येतात, पण कार्ड पांढरं. काउंटरवर म्हणाले, पिवळं-केशरीच चालतं. खरं का? दोन रात्री झोप नाही.

उत्तर: नाही दादा, तो जुना नियम. २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या कार्डांना खुली झाली आणि दीड लाखाचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झालं. काउंटरशी वाद घालू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट आरोग्यमित्राला (रुग्णालयात या योजनेचं काम पाहणारा माणूस) गाठा.

दुसरं उत्तर: सगळ्यांना द्यायलाच हवं. पण केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीतल्यांचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलतं, बाकीच्यांचा सगळा राज्याच्या तिजोरीवर. रुग्णालयांची बिलं थकली की गरिबालाच खाट मिळत नाही, याची काळजी वाटते.

प्रश्नकर्ता: आरोग्यमित्र भेटले, मंजुरी आली! खूप आभार. पण दोन महिन्यांत ओपीडी, तपासण्या, गोळ्यांवर ९ हजार गेले, ते कशातच बसत नाहीत. टेम्पोचा हप्ता त्यातच चुकला.