प्रतिसाद: 'भीमायन'बद्दल

वर 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलची (चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीची) चर्चा वाचली. पानावरच्या चित्रांच्या चौकटी काटेकोर नसतील तर ग्राफिक नॉव्हेल विस्कटतं, हे तिथलं मत काही पटलं नाही. २०११ मध्ये 'नवयान' प्रकाशनाने काढलेलं 'भीमायन' बघा. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य चितारलंय, आणि सरळ रेघांच्या चौकटी जवळपास नाहीतच. पान दिग्ना या गोंडांच्या पारंपरिक नक्षीने वळणं घेत विभागलं जातं. संवादांचे फुगेही वेगळे: साध्या-सज्जन बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याला विंचवाच्या नांगीचा. लहानगे बाबासाहेब आणि भावंडं जातीमुळे मसूर स्टेशनात अडकली, ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली, तरी इथे नांगीवाले फुगे दिसू लागले की पोटात कालवतं. कुरकुर एकच. बसस्टॉपवर आरक्षणावरून वाद घालणाऱ्या दोघांच्या संवादातून गोष्ट सांगितलीय, ते जरा शिकवणीछाप वाटतं. चित्रं एवढी बोलकी असताना त्याची गरज नव्हती.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हणाल तर केइजी नाकाझावांचं 'बेअरफूट गेन'. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते स्वतः ६ वर्षांचे, तिथेच होते. चेहरे, मारामाऱ्या सगळं भडक, आरडाओरडा फार. पण पुस्तक खाली ठेववत नाही. रात्री झोपताना मात्र वाचू नका.