लाइट रेल: ताशी ८० चा हट्ट कशाला?

हायवेकर: समजा कोल्हापुरात लाइट रेल, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरची ट्रामसारखी गाडी टाकली, तावडे हॉटेल ते ताराराणी चौक ते दसरा चौक. माझं मत, गाडी ताशी ८० ची घ्या. वीस-बावीसच्या सरासरीनं रांगणार असेल तर कुणी स्प्लेंडरची किल्ली खुंटीला लावणार नाही.

रूळ_आणि_चाक: ८० नं काय साधतं ते बघा की. थांबे ५०० मीटरवर धरू. वेग सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद इतकाच वाढवायचा, नाहीतर उभी माणसं कोलमडतात. ६० गाठायला १७ सेकंद आणि १३९ मीटर, थांबायलाही तेवढंच. दारं उघडी असतानाचे २० सेकंद धरून ६७ सेकंद, म्हणजे सरासरी ताशी २७. आता ८० ची गाडी: वेग गाठायलाच २४७ मीटर जातात, गाठला की लगेच ब्रेक. एकूण ६५. दोन सेकंदांसाठी थोरली मोटर?

हायवेकर: मग थांबे किलोमीटरवर न्या. ६० मध्येच सरासरी २७ ची ३७ होते.

रूळ_आणि_चाक: होते. पाच किलोमीटरला तीन मिनिटं वाचतात आणि दोन थांब्यांच्या मधोमध राहणाऱ्याची २५० मीटर जादा चालण्यात तेवढीच जातात. खरा वेळ खातो तो सिग्नल. किलोमीटरमागं ४० सेकंद लाल दिव्यात गेले की २७ ची २१ झाली. दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नरला गाडी दीड-दोनशे मीटरवर असतानाच सिग्नलला कळलं पाहिजे, आणि हिरवा थोडा लांबला पाहिजे. लेन वेगळी नसेल तर तेही फुकट, पुढं रिक्षा उभीच.

केएमटी_प्रेमी: पण हेतू काय, भावा? ३० मीटरची गाडी, २०० माणसं, दर ६ मिनिटांनी. तासाला एका दिशेनं २०००. उभे धरून ७० ची बस दर २ मिनिटांनी सोडा, २१०० होतात. केंद्राच्या २०१९ च्या मेट्रोलाइट (हलक्या मेट्रोच्या) निकषांची सुरुवातच तासाला एका दिशेनं २००० प्रवाशांपासून आहे. रुळांसाठी रस्ता कशाला उखडायचा?

रूळ_आणि_चाक: दोन्ही दिशा धरून चौकात मिनिटाला एक बस. प्रत्येकीला हिरवा दिला तर आडवा रस्ता तुंबतो, नाही दिला तर तीन बस एकामागं एक येतात आणि मग दहा मिनिटं कोणी नाही. बाकी गर्दी २००० च्या आत असेल तर बसच बरी, हे मान्य.

पंचगंगाकाठ: खाचेचं कोणी बोलेना. रस्त्यातल्या रुळाची खाच साधारण ४ सेंटिमीटर. सायकलचं चाक त्यात अडकतं, दुचाकीचं ओल्या पोलादावरून सरकतं. म्हणून रूळ आडवाच ओलांडता यावा अशी वळणं आखावी लागतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचा चिखल खाचेत दाबून बसला तर चाकाची कड वर चढते आणि गाडी घसरते. रोज पहाटे खाच साफ करणारी गाडी हवीच. आणि डेपो तावडे हॉटेलच्या बाजूला नको. २०१९ आणि २०२१ ला तिकडंच शिरोलीजवळ महामार्ग पुराच्या पाण्यात होता. लो-फ्लोअर, म्हणजे खाली तळ असलेल्या गाडीच्या मोटरी चाकांशीच असतात, पाणी आधी तिथंच शिरणार.

हायवेकर: बरं, ८० सोडला. दसरा चौकातून पुढं बिंदू चौकापर्यंत तरी न्या.

रूळ_आणि_चाक: वळणाला निदान २० ते २५ मीटर त्रिज्या लागते आणि वळताना डब्याचं टोक बाहेर फिरतं ते वेगळं. आधी टेप धरून कोपरे मोजा.