तिसरा हॅरी पॉटर: पिक्चर देखणा, पण गोष्ट कुठे गेली?

सावळागोंधळ:
जिथे बघावं तिथे हेच ऐकतोय की आठही पिक्चरांत ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’ एक नंबर, दिग्दर्शक क्वारोनने सिरीज वयात आणली, कॅमेरा काय, लायटिंग काय. देखणा आहे, वादच नाही. पण मला सांगा, ज्याने पुस्तक हातात धरलेलं नाही त्याला हा पिक्चर कळतो तरी का? रॉनचे जुळे भाऊ हॅरीला शाळेचा जादूचा नकाशा देतात, त्यावर मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्ज अशी चार नावं झळकतात, आणि पुढे शेवटपर्यंत कोणी सांगायची तसदी घेत नाही की ही लुपिन सर, पीटर, सिरियस आणि हॅरीचा बाप जेम्स यांची शाळेतली टोपणनावं आहेत. लुपिनला नकाशा बघितल्या बघितल्या कसा ओळखू येतो? हॅरीच्या पॅट्रोनसला (त्याचं रक्षण करणारा जादूचा प्राणी) हरणाचंच रूप का? मित्र लुपिन पौर्णिमेला लांडगा होतो, एकटा तडफडतो, म्हणून बाकीचे तिघं चोरून प्राणी व्हायला शिकतात, आणि त्यात जेम्स हरीण होतो. पुस्तकाचा जीव यात आहे हो, आणि नेमका तोच कापला. पुस्तक दुसऱ्यापेक्षा जाड आणि पिक्चर वीसेक मिनिटांनी छोटा, हे कुठलं गणित?

बिनपगारी_वाचक:
+१. माझ्या बायकोने पुस्तकं वाचली नाहीत, तिला मी दर दहा मिनिटांनी पॉज करून समजावत होतो. शेवटी म्हणाली तू गप्प बस नाहीतर झोपायला जा.

दुपारची_झोप:
@सावळागोंधळ, अहो पण पिक्चर म्हणजे पुस्तकाचं गाइड नाही ना! पहिले दोन दिग्दर्शक ख्रिस कोलंबसने तसेच केले, पुस्तकातला प्रसंग आला की पडद्यावर हजर, आणि म्हणूनच ते आज परत बघताना जांभया येतात (मला तरी). क्वारोनने ठरवलं की सगळं सांगायचं नाही, दाखवायचं. लीकी कॉल्ड्रन खानावळीत रॉनचे बाबा हॅरीला बाजूला घेऊन तुरुंगातून पळालेल्या सिरियसबद्दल सांगतात तो सीन बघा, मागे भिंतीवर त्याच सिरियसची पोस्टर्स आणि कॅमेरा न कापता त्यांच्यामागे फिरतोय. ऋतू बदलला हे कळायला त्या मारक्या झाडाची पानं गळतात, मग त्यावरचा बर्फ वितळतो, बस, संवाद शून्य. आणि शेवटचा काळात मागे जायचा भाग तर पुस्तकापेक्षा सरस आहे, हो, लिहितेय मी हे. खिडकीतून दगड येऊन हॅरीच्या डोक्याला लागतो आणि नंतर कळतं की तो हर्मायनीनेच मारला होता, लांडगा झालेला लुपिन हॅरीवर धावून जाणार तेवढ्यात जंगलातून हाक येते आणि तीसुद्धा तिचीच. यातलं काहीच पुस्तकात नाही. पुस्तकात ते दोघं बराच वेळ लपून वाट बघत बसतात. नुसतं वाट बघणं पडद्यावर कोण बघणार?

सावळागोंधळ:
@दुपारची_झोप दगडासाठी वेळ होता, बसमधल्या त्या बोलणाऱ्या वाळक्या मुंडक्यासाठी वेळ होता (तेही पुस्तकात नाही), मग नकाशाच्या चार नावांसाठी दोन वाक्यं नव्हती? लुपिन एवढंच म्हणाला असता की “मला माहितीये, कारण तो आम्हीच बनवला”, तर पाच सेकंदात काम झालं असतं. याला कला म्हणायचं का विसरभोळेपणा?

दुपारची_झोप:
बरं, ते एक वाक्य हवं होतं. ते मला पण खटकतं. पण त्यासाठी अख्खा पिक्चर फेल म्हणायचा?

रॉनचा_वकील:
नकाशाचं सोडा, माझं दुःख वेगळं आहे. या पिक्चरने रॉनला पार जोकर केला. श्रीकिंग शॅक नावाच्या पडक्या घरात पाय मोडलेला असताना तो उभा राहतो आणि सिरियसला म्हणतो की हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मार, हे पुस्तकात रॉनचं आहे. पिक्चरमध्ये हे हर्मायनीला दिलं आणि रॉन नुसता कण्हतोय. त्याहून वाईट म्हणजे स्नेप सर हर्मायनीला शिष्ट म्हणून झापतात तेव्हा पुस्तकातला रॉन, स्वतः तिला रोज तेच चिडवणारा, सरांवर उलटतो आणि शिक्षा भोगतो. पिक्चरमधला रॉन म्हणतो की सरांचं बरोबर आहे! अरे हा कसला मित्र? आमच्या घरातली पोरं पिक्चर बघून मोठी झाली, त्यांना विचारा, ती म्हणतात रॉन कशाला होता तिथे.

बिनपगारी_वाचक:
यावर तर मोर्चा काढला पाहिजे.

दुपारची_झोप:
@रॉनचा_वकील हा मुद्दा मान्य, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हे पटकथा लिहिणाऱ्या क्लोव्हजचं पाप, त्याला हर्मायनी लाडकी होती. अवांतर: क्वारोनने तिघा मुख्य नटांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितले होते, तर एमाने (हर्मायनी) सोळा पानं लिहिली, डॅनियलने (हॅरी) एक, आणि रूपर्टने (रॉन) दिलाच नाही. तिघंही पात्रातच होते म्हणा.

चष्मेबद्दूर:
मला अजून एक कोणीतरी समजावा. पहिल्याच सीनमध्ये हॅरी पांघरुणात जादूने उजेड पाडतो, परत परत. मग थोड्याच वेळात आत्या फुगून उडते तेव्हा त्याला भीती की शाळेबाहेर जादू केली, आता नाव काढून टाकतील. मग मघाशी काय होतं ते? पुस्तकात बिचारा टॉर्च लावून गृहपाठ करतो. दिसायला छान म्हणून स्वतःच्याच जगाचा नियम मोडला. फँटसीत सगळं चालतं असं नसतं, उलट तिथे नियम जास्तच पाळावे लागतात नाहीतर कशाचीच भीती वाटत नाही.

सावळागोंधळ:
@चष्मेबद्दूर हे बेस्ट.

लेकीची_आई:
तुमचं ते चालू द्या. मी पुस्तकं वाचलेली नाहीत, लेकीबरोबर पिक्चर बघितले, आणि मला हाच आवडला. आगगाडी थांबते, खिडकीवर बर्फ पसरतो, बाटलीतलं पाणी गोठतं, आणि मग तो हात दारात. काही न सांगता कळलं की हे प्राणी माणसाचा आनंद ओढून घेतात. लेखिकेने नंतर सांगितलंय की डिमेंटर म्हणजे डिप्रेशन, पण ते माहीत नसतानाही मला आमच्या घरातल्या एका माणसाचे ते दिवस आठवले. मला चार टोपणनावं कळली नाहीत म्हणून काही अडलं नाही हो. लुपिन त्या पोराला चॉकलेट देतो आणि बोलायला बसतो एवढं पुरलं. लेक मात्र आठवडाभर लाइट लावून झोपली, सहा-सात वर्षांच्या मुलांना दाखवताना जरा विचार करा.

रॉनचा_वकील:
ताई तुम्ही पुस्तक वाचलं नाहीत म्हणून असं वाटतंय.

लेकीची_आई:
मग पिक्चर कोणासाठी बनवला होता? फक्त तुमच्यासाठी?

बिनपगारी_वाचक:
😂 वकीलसाहेब, केस गेली.

ओल्या_देशातून:
मी स्कॉटलंडमध्ये राहतो. हॅग्रिडची झोपडी ग्लेनकोला उभारली होती, आता तिथे काही नाही, नुसता डोंगर आणि पाऊस, तरी लोक चिखल तुडवत जागा शोधत असतात, माझे पाहुणे धरून. पहिल्या दोन पिक्चरांत ती शाळा सेट वाटते. यात उतार आहे, ओलं गवत आहे, धुकं आहे, पोरं साध्या कपड्यांत शर्ट बाहेर काढून फिरतात. सात वर्षं जिथे राहायचं ती जागा खरी वाटायला नको? त्यासाठी मी नकाशाची चार नावं सोडून देईन.

सावळागोंधळ:
@ओल्या_देशातून मी नाही सोडणार. हॅरीला बाप आठवत नाही, त्याच्याकडे बापाचं काय आहे तर ते हरीण. पुस्तकात हेडमास्तर डम्बलडोर त्याला बसवून समजावतो की काल रात्री प्राँग्ज परत आला होता, तुझ्यातून. ते वाचताना मी रडलोय. पिक्चरमध्ये ‘आपली माणसं आपल्याला सोडून जात नाहीत’ छापाचं वाक्य सिरियसला देऊन टाकलं, पण हरणाचा धागा नसल्यामुळे ते कोणत्याही पिक्चरमधलं वाक्य झालं. आणि शेवट काय, तर फायरबोल्टवर बसलेल्या हॅरीचा तोंड पसरलेला फ्रीज फ्रेम! तो झाडू पुस्तकात नाताळात येतो, त्यावरून हर्मायनीशी भांडण होतं, ती एकटी पडते. सगळं गाळून झाडू शेवटी भेटवस्तू म्हणून आणला.

दुपारची_झोप:
फ्रीज फ्रेमबद्दल मी तुमच्या बाजूने, तो भयाण आहे. बाकी हे भांडण ‘दुनियादारी’ आला तेव्हाही झालं होतं, सुशिंची कादंबरी वाचलेले एकीकडे आणि पिक्चरची गाणी म्हणणारे दुसरीकडे. आणि बाय द वे, कमाईत आठांमध्ये हाच सगळ्यात मागे आहे, तरी वीस वर्षांनी आपण यावरच भांडतोय, दुसऱ्यावर नाही.

चष्मेबद्दूर:
दुसऱ्यावर भांडायला त्यात आहे काय. चौथ्यावर काढा धागा. पुस्तकात डम्बलडोर हॅरीला शांतपणे विचारतो की स्पर्धेच्या जादूच्या पेल्यात (गॉब्लेट) नाव तू टाकलंस का, आणि पिक्चरमध्ये डम्बलडोर झालेला गॅम्बन अंगावर धावून जातो.

रॉनचा_वकील:
काढतो. आज रात्रीच काढतो.