मदत हवी आहे: बिनबिलाची चोरबीटी घरात येऊन पडली आहे, लावू का?

टोबणी

नमस्कार मंडळी. आजवर इथं वाचनमात्रच होतो, पण आता घाई आहे. चोरबीटी म्हणजे सरकारी मान्यता नसलेली, चोरून विकली जाणारी बीटी (अळीला मारणारं जनुक घातलेली) कपाशी. पहिला बरा पाऊस पडला की टोबणी सुरू होईल, त्याआधी उत्तर हवंय.

केळापूर तालुक्यात आमची अकरा एकर कोरडवाहू. मी पुण्यात नोकरीला, शेती धाकटा भाऊ बघतो. बाबा गुडघ्यांमुळे आता बांधापर्यंतच जातात. परवा गावी गेलो तेव्हा खताच्या पोत्यांमागे कपाशीची बारा पाकिटं दिसली. चकचकीत, वर फुटलेल्या बोंडाचा फोटो, 'सुपर' असं काहीतरी नाव. मागची बाजू कोरीच म्हणायची. लॉट नंबर नाही, उगवणशक्तीचा टक्का नाही, तपासणीची तारीख नाही. कस्टमर केअरचा नंबर तेवढा होता, मोजला तर नऊच आकडे. तोंडाची शिवण तर अशी वाकडी की घरच्या इस्त्रीनं चिकटवली असावी.

भावाला विचारलं तर म्हणे, "दादा, सारं गाव हेच लावून राह्यलं. निंदायले बाया भेटत नाही, भेटल्या त तीनशेच्या खाली येत नाही. याच्यावर फवारा मारला की गवत जयते, पऱ्हाटी तशीच उभी." पाकिटाला १,४०० मोजलेत. बारांचे १६,८००. कृषी केंद्रात बोलगार्ड-२ चं, म्हणजे मान्यतेच्या बीटी कपाशीचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांच्या वर विकता येत नव्हतं, केंद्र सरकारनंच भाव बांधून दिला होता. म्हणजे जवळपास सहा हजार वर दिले, आणि तेही बिलाशिवाय.

भावाला मूर्खात काढायचं नाहीये. निंदणाचा खर्च त्याच्या अंगावर पडतो, माझ्या नाही. पण मला कळत नाही की सरकारी मान्यता असलेलं बियाणं घेऊन मला नेमकं जास्त काय मिळतं? आणि हे लावलं तर गुन्हेगार कोण, विकणारा की आम्ही? सातबारा अजून बाबांच्या नावावर आहे, म्हणून जास्त धाकधूक. शिवाय विकणारा म्हणतो की ही "नवीन पिढीची" आहे, बोंडअळीसुद्धा येत नाही. हे खरं आहे का?

माजी निरीक्षक

मी कृषी खात्यात गुणनियंत्रणाचं काम केलं आहे, आता निवृत्त. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथंच फसवणूक आहे.

एचटीबीटीत, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या या चोरबीटीत, बोंडअळीसाठी जी दोन जनुकं असतात ती बोलगार्ड-२ मधलीच, क्राय१एसी आणि क्राय२एबी. वरून एक तिसरं घातलेलं असतं, ते ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्यासाठी. तुमच्या भावानं वरचे सहा हजार तणासाठी दिले आहेत, अळीसाठी त्यातला एक पैसाही नाही. आणि ही दोन्ही जनुकं गुलाबी बोंडअळीनं कधीच पचवली. क्राय१एसीला ती दाद देत नाही हे २०१० मध्येच गुजरातेत उघड झालं होतं, मोन्सॅन्टो कंपनीनं स्वतः कबूल केलं होतं. त्यानंतर काही वर्षांत दुसरंही गेलं.

कायद्याचं सांगतो. जनुकीय फेरफार केलेलं कुठलंही पीक १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं. परवानगी देणारी समिती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची, जीईएसी. तिनं मार्च २००२ मध्ये पहिली बीटी कपाशी मान्य केली, २००६ मध्ये बोलगार्ड-२. तणनाशक सहन करणारीचा अर्ज महिको या बियाणे कंपनीनं २०१६ मध्ये मागे घेतला. तेव्हा बाजारात जे काही एचटीबीटी म्हणून फिरतंय ते सगळं बिनमान्यतेचं आहे, एकही अपवाद नाही.

नियमात विक्रीबरोबर वापराचंही नाव आहे. म्हणजे कागदावर शेतकरीही सुटत नाही. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड आणला. प्रत्यक्षात आम्ही धाडी टाकायचो त्या साठा करणाऱ्यांवर आणि गाड्यांवर. कुणाच्या वावरात जाऊन पऱ्हाटी उपटायची हौस कुठल्याच अधिकाऱ्याला नसते.

कापूसकोंड्या

साहेब, हौस नसते हे खरं, पण उपटल्याची उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याची बीटी वांगी उपटून नष्ट केली. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं जाहीर कार्यक्रम करून एचटीबीटी लावली. हजाराच्या वर शेतकरी जमले होते आणि नंतर काहींवर गुन्हेही दाखल झाले.

मी त्याच विचाराचा आहे, लपवत नाही. बीटी वांग्याला समितीनं ऑक्टोबर २००९ मध्ये हो म्हटलं, पर्यावरण मंत्र्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली, ती अजून स्थगितच. तेच वांगं बांगलादेशानं २०१३ मध्ये मान्य केलं आणि त्यांचे शेतकरी पिकवून खातात. मोहरीचं जनुकीय फेरफार केलेलं वाण डीएमएच-११ बघा. २०२२ मध्ये समितीची मान्यता, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं. कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का, असं विचारत बसलेत सगळे. हो म्हणा की नाही म्हणा, गोष्ट पुढं सरकत नाही. शेतकऱ्यानं तोवर काय करायचं? बाया नाहीत मजुरीला, ही तर खरी गोष्ट आहे ना?

२००१ आठवा. मान्यता मिळायच्या आधीच गुजरातेत नवभारत १५१ नावाची बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी होती. समितीनं जाळायचे आदेश काढले, जाळली कुणी? पाच महिन्यांत अधिकृत मान्यताच आली. चोरबीटी ही सरकारच्या उशिराची अवलाद आहे.

पण टोबणीभाऊ, तुमचं पाकीट मात्र लावू नका. तंत्रज्ञान पाहिजे म्हणजे नऊ आकड्यांचा फोन नंबर पाहिजे असं नाही.

टोबणी

हसू आलं शेवटच्या वाक्याला. धन्यवाद दोघांनाही.

निरीक्षक साहेब, एक शंका. दोन्ही जनुकं अळीनं पचवली असतील तर मान्यतेची बोलगार्ड-२ घेऊनही अळी येणारच. मग फरक काय पडला? आणि २००२ पासून इतके नियम असून ती पचवलीच कशी? आमच्याकडे पूर्वी पाकिटात एक छोटी पुडी यायची. ती खिडकीत पडून असायची, बाबा कधीच लावत नसत.

सरकी

त्या पुडीतच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

ती १२० ग्रॅमची पुडी म्हणजे बिगर-बीटी बियाणं. मान्यतेची अटच होती की बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, साध्या कपाशीचं ठेवायचं. तिथं साध्या अळ्या जगतात. बीटीवर जगून निघालेला एखादा पतंग त्यांच्याशी जोडी जमवतो आणि पुढच्या पिढीत प्रतिकार पातळ होतो. पण कोणता शेतकरी स्वतःच्या वावरात अळीसाठी पाच ओळी सोडेल? ४५० ग्रॅमच्या पाकिटाशेजारची ती पुडी तुमच्यासारखीच सगळ्यांच्या खिडकीत राहिली. अट घालणाऱ्यांनी ती पाळली जाते का हे बघितलं नाही. नंतर बिगर-बीटी दाणे त्याच पाकिटात मिसळायचं ठरलं, म्हणून आता पाकीट ४७५ ग्रॅमचं असतं. तुमच्या पाकिटावर किती लिहिलंय बघा, बहुधा ४५०.

दुसरं अर्धं उत्तर असं की आपण हायब्रीड लावतो. हायब्रीडच्या झाडाला धरलेल्या बोंडातली प्रत्येक सरकी ही पुढची पिढी. साधारण हिशेबानं चारांतल्या एका सरकीत दोनांतलं एखादं ठरावीक जनुक उतरत नाही, आणि सोळांतल्या एकीत दोन्ही नसतात. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला जहर, अर्धं जहर आणि फुकटचं जेवण, तिन्ही मिळतं. सवय लावायला याहून चांगली शाळा नाही. त्यात आपली फरदड (मुख्य वेचणीनंतरही ठेवलेली कपाशी) फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीचा मुक्काम वाढला. अमेरिकेत हीच अळी २०१८ मध्ये देशातून संपल्याचं जाहीर केलं. तिथं बीटी होतीच, पण साध्या कपाशीचे पट्टे लोकांनी खरंच पाळले, पुढे प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडले आणि हंगाम संपला की पऱ्हाटी काढून टाकली.

तेव्हा बियाणं कुठलंही घ्या, कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढणारे) लावा, हेक्टरी पाच. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली समजा. डोमकळ्या (अळी लागून नीट न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून जाळा. आणि डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, भाव कितीही खुणावो.

काळी माती

राळेगावकडचा शेतकरी. मी लावली होती चोरबीटी, म्हणून सांगतो.

कपाशीत तूर असते का तुमच्या? आमच्याकडे सहा-आठ ओळींमागे तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, असतंच. तणनाशक मारलं त्या दिवशी डोक्यात फक्त गवत होतं. आठ दिवसांत तुरीची सगळी तासं पिवळी पडून वाळली. कपाशीतलीही बरीच झाडं गेली, कारण पाकिटात भेसळ होती, काही दाणे साधेच. वरून शेजाऱ्याच्या सोयाबीनवर तुषार उडाले, त्याच्याशी अजून बोलणं नाही. तक्रार कुणाकडे करणार? ज्यानं पाकीट दिलं तो मोटारसायकलवर आला होता, त्याचं दुकान कुठं?

आता बिलाची गोष्ट. २०१७ च्या बोंडअळीत नुकसानीसाठी आम्ही 'जी' नावाचे फॉर्म भरले. त्याला बियाण्याचं बिल जोडायचं होतं. माझ्याकडे दोन पाकिटांचं होतं, बाकीची आठ 'घेतली होती कुठूनतरी'. बाबूनं दोनच लिहून घेतली. त्यानंतर मी बिल, पाकीट आणि त्यात उरलेली मूठभर सरकी, तिन्ही एका डब्यात ठेवतो, पऱ्हाटी निघेपर्यंत.

वकील वऱ्हाडी

वरच्यांनी बरंचसं सांगितलं, मी फक्त 'मान्यतेचं घेऊन काय मिळतं' एवढंच सांगतो. दावा करायची जागा मिळते. बी उगवलं नाही, भेसळ निघाली, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. तो पंचनामा घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. कंपनीचं म्हणणं होतं की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही. न्यायालयानं ते मानलं नाही, शेतकरी आणलेलं सगळं बी पेरून टाकतो, तो नमुना कुठून ठेवणार?

१९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, हेही जाता जाता. तुमच्या एका पाकिटाच्या भावाहून कमी. म्हणून कायदा विकणाऱ्याला घाबरवेल या भरवशावर राहू नका.

टोबणी

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तुरीचं ऐकून गप्प झाला. आमच्याकडे पाच तासं असतात तुरीची, वर्षाची डाळ तीच.

सकाळी त्यानं विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, परत घेत नाही, पाहिजे तर तू दुसऱ्याला वीक, दोनशे जास्त घे. म्हणजे आता विक्रेते आम्हीच! १६,८०० गेले असं धरून चालतोय. मान्यतेची पाकिटं घेतोय, बिल बाबांच्या नावानं. निंदणासाठी डवरणीच्या दोन पाळ्या वाढवू म्हणतोय, जमेल तेवढं.

प्रश्न राहिला तो या बारा पाकिटांचा. टाकू कुठं? बाबा म्हणतात सरकीच आहे ती, म्हशीला घाला, वाया कशाला घालवायची.

माजी निरीक्षक

अजिबात घालू नका! दाण्याला तो गुलाबी-निळा रंग दिसतो ना, त्या लेपात कीटकनाशक आणि बुरशीनाशक असतं. म्हैस दगावेल. पाकिटं बंदच ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे नेऊन जमा करा. कुणाकडून घेतली हे विचारतील, त्याची तयारी ठेवा. आणि दुसऱ्याला विकायचं तर मनातही आणू नका, लावणं वेगळं आणि विकणं वेगळं.

टोबणी

बापरे. बाबांनी एक पाकीट टोपल्यात ओतून ठेवलंय संध्याकाळसाठी. आत्ताच फोन लावतो.