शब्दसंग्रह वाढवायला काय घ्यावं? (बजेट ३०० रु.)

संगमेश्वरकर: नमस्कार. गावच्या भातलावणीवर लिहायला घेतलंय. दोन पानांत 'सुंदर' अकरा वेळा आलं, मोजलं. एखादं पुस्तक सुचवा. बजेट ३०० रुपये. क्लास नको.

जुना_बाजार: दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दुसरं काही बघूच नका. १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड निघाले. माझ्याकडे सातही आहेत, रद्दीवाल्यांकडे दोन वर्षं खेटे घालून जमवले. तिसऱ्याची बांधणी घरीच केली. तीनशेत भागणार नाही, पण कोशात काटकसर करू नये.

मनीषा_ठाणे: अहो, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे.

जुना_बाजार: मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत. मराठी शब्दाचा अर्थ मराठी माणसाने इंग्रजीतून का वाचायचा? शिवाय पान उलटताना शेजारचे चार शब्द आपसूक नजरेत येतात, ते फोनवर होत नाही.

काना_मात्रा: आधी शुद्धलेखन. हे दोन्ही कोश १९६२ च्या नियमांआधीचे. त्यात 'केलें', 'घरें' असे अनुस्वार मिळतील, तसेच उतरवू नका. मो. रा. वाळंब्यांचं शुद्धलेखनाचं पुस्तक घ्या.

मनीषा_ठाणे: त्यांनी शब्द विचारलेत, शुद्धलेखन नाही.

काना_मात्रा: चुकीचा लिहिलेला शब्द संग्रहात धरत नाहीत.

रात्रपाळी: क्लास नको म्हणालात ते बरं. मी ४,५०० भरले, तीन महिन्यांत माझ्या एकाही लेखावर कुणी पेन टेकवलं नाही. अजून राग येतो. आता आम्ही चौघं शनिवारी वाचनालयात एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो. जीभ अडखळली की ते वाक्य बदलायचं. फार फरक पडला.

पुणे३०: शिकागोच्या साइटवर कोश फुकट मिळतात बघा.

संगमेश्वरकर: सगळ्यांचे आभार. पुस्तक घेत नाही. रात्रपाळींचं वाचून आत्याला फोन लावला आणि लेख मोठ्याने वाचला. 'पावसात डोक्यावरून घ्यायचं पानांचं आच्छादन' आलं तशी तिने थांबवलं. "आच्छादन काय रे? इरलं म्हण." मग राब, चिखलणी, मूठ, उडवी, पाऊण तास बोलत होती. मी बिलाच्या पाठीवर लिहीत होतो, जागा संपली. आज ४० रुपयांची वही आणली, शनिवारी गावी जातोय. 'शेत सुंदर दिसत होतं' खोडलं. तिथे आत्याचं वाक्य घातलं: रोपांनी जीव धरला.