राग ऐकून, मंत्र म्हणून आजार जातो हे खरंच आपल्या जुन्या ग्रंथात आहे का?

रिकामटेकडा पुणेकर (धागाकर्ता):
आमच्या घरच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, दरबारी ऐका डोकेदुखी जाईल, अमका राग बीपीला, तमका शुगरला, आणि खाली "ऋषीमुनींची पाच हजार वर्षांपूर्वीची रागचिकित्सा". अहो दरबारी तानसेनानं आणला असं मानतात, म्हणजे अकबराचा काळ, आणि रागाची नीट व्याख्या पहिल्यांदा सापडते ती मतंगाच्या बृहद्देशी या संगीतावरच्या ग्रंथात, ती पण वेदांनंतर हजार-दीड हजार वर्षांनी.

जुन्या ग्रंथात मंत्र आहेत, संगीत पण आहे, नाही कोण म्हणतंय. अथर्ववेदात काविळीचं सूक्त आहे, हा पिवळेपणा पोपटांना देतो म्हणून, आणि तापाला तर थेट गांधार नि मगधाकडे पिटाळलंय (तिकडच्या लोकांनी काय घोडं मारलं होतं देव जाणे). पण चरक वाचा, आयुर्वेदाची चरकसंहिता. उपचारांचे तीन प्रकार सांगतो: दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, होम, उपवास वगैरे, युक्तिव्यपाश्रय म्हणजे औषध आणि आहार, आणि सत्त्वावजय म्हणजे मनाला आवर घालणं. संगीत येतं ते सूत्रस्थानाच्या 15 व्या अध्यायात, रुग्णासाठी घर कसं बांधावं तिथे, की गाणारे, वाजवणारे, गोष्टी-पुराणं सांगणारे लोक सेवेला ठेवा. अमक्या रोगाला अमका सूर अशी यादी नाही. म्हणजे गाणं रुग्णाचं मन रमावं म्हणून, आणि आपण त्याची गोळी करून टाकली.

वैद्यबुवा:
सोयीचं तेवढं वाचलंत. त्याच चरकात ज्वराच्या अध्यायात आहे की विष्णूची सहस्र नावांनी स्तुती केली की सगळे ज्वर जातात. सुश्रुत तर सर्जन माणूस, तो पण जखमेच्या रुग्णाला वेदमंत्रांनी रक्षा करायला सांगतो आणि त्याच अध्यायात मोहरी, कडुलिंबाची धुरी. आता धुरी सायंटिफिक आणि मंत्र भाबडा, हे माप कुठून आणलं? केरळात मेल्पत्तूर भट्टतिरींनी वातरोगात गुरुवायूरला बसून नारायणीयम् हे स्तोत्र रचलं आणि बरे झाले, 1586 सालची गोष्ट, आजही लोकं आजारपणात पाठ करतात.

तालुक्याचा डॉक्टर:
बरे झाले ही परंपरेतली कथा आहे हो, केसपेपर नाही.
मी ग्रामीण भागात काम करतो आणि इथे मंत्र म्हणजे साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे. धामण, दिवड, तस्कर चावला तर कुणीच मरत नाही, नाग-घोणस चावले तरी काही वेळा विष सोडत नाहीत, हे सगळे पेशंट मांत्रिकाच्या खात्यात "बरे" म्हणून जमा. आणि मण्यार चावलेला, ज्याला दुखत पण नाही फारसं, तो रात्रभर मंत्र ऐकतो आणि सकाळी आमच्याकडे येतो तेव्हा पापण्या उचलत नाहीत, श्वास चाललाय कसाबसा. म्हणून तर 2013 च्या जादूटोणा कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. भजन-कीर्तनाला त्या कायद्याचा काही त्रास नाही, उगाच बोंब मारू नका.
आणि सुश्रुत काढलातच तर त्याचं कल्पस्थान, विषांवरचा भाग, तो पण काढा. तो म्हणतो की मंत्र विधी सोडून म्हटले किंवा स्वर-वर्णात चुकले तर सिद्ध होत नाहीत, म्हणून औषधं वापरा.

वैद्यबुवा:
म्हणजे स्वर बरोबर असेल तर लागू पडतात असंच म्हणतोय ना तो!

तालुक्याचा डॉक्टर:
छान. पेशंट वाचला तर मंत्राचं यश, गेला तर उच्चार चुकला. असं औषध मला पण विकायला आवडेल.

तंबोरा:
भांडा भांडा. मी गाणं शिकवते, माझे दोन पैसे. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पेपर आला होता, 23 लोकांवर, ओम मणि पद्मे हुम म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. पण गंमत अशी की कॅथलिक लोकांची लॅटिन जपमाळ म्हटली तरी तेच! म्हणजे काम श्वासाच्या लांबीचं आहे, भाषेचं नाही. ऑपरेशननंतर गाणी ऐकली तर वेदना आणि घाबरेपणा कमी होतो यावर 2015 मध्ये लॅन्सेटनं सत्तरहून जास्त चाचण्या एकत्र करून लिहिलंय, तिथेही कुठल्या खास रागाचं कौतुक नव्हतं. बाकी माझ्याकडे पालक येतात "थायरॉईडसाठी कुठला राग" विचारत, त्यांना मी सांगते आधी सा लावू दे पोरीला.

वैद्यबुवा:
श्वासाला तुम्ही फुकटचं श्रेय देताय. आमच्याकडे मंत्रांचे छंद, म्हणजे वृत्तं, ठरवले तेच श्वास बघून, मग पद्धत आमचीच की.

रिकामटेकडा पुणेकर (धागाकर्ता):
वैद्यबुवा, श्वास बघून छंद ठरवले हे कुठल्या ग्रंथात ते सांगाच. आणि तो सहस्रनामाचा श्लोक काढून बघितला. विषमज्वराच्या, म्हणजे राहून राहून येणाऱ्या तापाच्या भागात आहे, आणि त्याआधी तेलातली लसूण, तूप, धुरी, अंजन हे सगळं सांगून झालंय. तुमच्या चरकाने पण आधी लसूणच दिली.

वैद्यबुवा:
नंतर सांगितलं म्हणजे कमी महत्त्वाचं, हे कुठे लिहिलंय? आणि लसूण खाताना नामस्मरण करू नका असंही नाही लिहिलेलं.

तालुक्याचा डॉक्टर:
करा ना, सलाईन लावल्यावर खुशाल करा. फक्त साप चावला तर आधी गाडी काढा, म्हणायचं ते वाटेत म्हणा.